ठाणे-नवी मुंबईहून दूरदेशी: दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब, हे इंटरनेटवर शोधलं की एके ठिकाणी साडेबारा हजार दिसतं, दुसरीकडे ७,८०० आणि तिसरीकडे ६,७७०. वेळेचंही तसंच. तिकिटावर सोळा तास असतात, घड्याळं पाहिली तर रात्री दीडला निघून सकाळी सातला पोहोचल्याचं दिसतं, आणि ठाण्यातल्या मानपाड्याच्या घरातून निघालेला माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात शिरेपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस गेलेला असतो. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांचा घोळ होतो तो हे आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे.

म्हणून क्रमाने जाऊ. आधी विमानतळ पक्के करायचे, मग अंतर, मग हवेतला वेळ, मग घड्याळाचा हिशोब, आणि शेवटी घरापासूनचा रस्ता. ठाणेकरांचं गणित बहुतेक वेळा या शेवटच्या भागात चुकतं.

आधी विमानतळाचा कोड पाहा

शहराच्या नावावर विसंबू नका. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तो तिकिटावर छापलेला असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबई विमानतळाचा एनएमआय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. तिकीट शोधताना नुसतं ‘मुंबई’ लिहिलं की दोन्ही विमानतळांवरची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. स्वस्त दिसलं म्हणून बटण दाबण्याआधी कोड वाचा.

पलीकडच्या टोकालाही हेच. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन आणि सिटी असे वेगवेगळे विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जेएफके, लागार्डिया आणि नदीपलीकडे न्यू जर्सीतलं नेवार्क. मुलगा एडिसनला राहत असेल तर नेवार्क सोयीचं. जेएफकेला उतरलात तर त्याला अख्खं न्यूयॉर्क ओलांडून घ्यायला यावं लागेल. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेत अलाबामातही आहे (बीएचएम). सॅन होजे कॅलिफोर्नियात एसजेसी, कोस्टा रिकात एसजेओ. सिडनी ऑस्ट्रेलियात एसवायडी, तर कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात त्याच नावाचं छोटं विमानतळ वायक्यूवाय. अंतराच्या वेबसाइटवर शहराचं नाव टाकलं की कधी कधी भलतंच शहर उचललं जातं. कोड टाकला तर हा प्रश्न येत नाही.

अंतर: तीन एकके, एकच रेषा

सुरुवातीचे तीन आकडे आता उलगडतात. साडेबारा हजार किलोमीटरमध्ये, ७,८०० मैलांत आणि ६,७७० सागरी मैलांत आहेत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाहतुकीत सागरी मैलच वापरतात. आकड्याशेजारी एकक लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरूच नका.

हे अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या रेषेचं असतं. कागदी नकाशावर पट्टी ठेवून ती रेषा मिळत नाही, कारण भिंतीवरचा नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून दाखवतो. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. सॅन फ्रान्सिस्कोसाठी हा प्रयोग जरूर करा. नकाशा पाहून वाटतं की मुंबईहून पूर्वेला प्रशांत महासागर ओलांडायचा किंवा पश्चिमेला अटलांटिक. दोरा मात्र मुंबईतून जवळपास थेट उत्तरेला निघतो, उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १४ अंश कललेला. तो सायबेरियावरून ७७ अंश उत्तरेजवळ पोहोचतो आणि पलीकडच्या बाजूने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतो. लांबी सुमारे १३,५०० किलोमीटर.

स्वतः गणित करायचं असेल तर मोबाइलमधलं सायंटिफिक कॅलक्युलेटर पुरतं. मुंबई ते हीथ्रोचं उदाहरण घेऊ. मुंबई विमानतळ उत्तर १९.०९ अंश, पूर्व ७२.८७ अंश. हीथ्रो उत्तर ५१.४७ अंश, पश्चिम ०.४६ अंश.

१. पश्चिम रेखांश उणे धरायचे. म्हणून रेखांशातला फरक ७२.८७ वजा (उणे ०.४६), म्हणजे ७३.३३ अंश.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.७८२३ = ०.२५५८.

३. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं: ०.९४५ × ०.६२२९ × ०.२८६९ = ०.१६८९.

४. बेरीज ०.४२४७. तिचा उलटा कोसाइन (कॅलक्युलेटरवर cos⁻¹) घेतला की ६४.८७ अंश.

५. एका अंशाला १११.२ किलोमीटर. उत्तर सुमारे ७,२१० किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवासाच्या नियोजनाला तो फरक नगण्य आहे.

चुका दोन ठिकाणी होतात. कॅलक्युलेटर ‘रेडियन’वर असेल तर उत्तर निरर्थक येतं, ते ‘डिग्री’वर ठेवा. स्प्रेडशीटमध्ये याच्या उलट असतं, तिथे अंशांचं आधी रेडियनमध्ये रूपांतर करावं लागतं. दुसरी चूक उणे चिन्हाची. लंडनच्या बाबतीत ते विसरलं तरी फार बिघडत नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. न्यूयॉर्कला मात्र ती नडते. जेएफके पश्चिम ७३.७८ अंशांवर आहे आणि मुंबई पूर्व ७२.८७ अंशांवर, म्हणजे आकडे जवळजवळ सारखे, बाजू विरुद्ध. उणे विसरलात की न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसतं आणि अंतर २,४०० किलोमीटर येतं.

गणिताचा कंटाळा असेल तर गूगल मॅप्सवर कॉम्प्युटरमधून राइट-क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा, किंवा ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या वेबसाइटवर दोन कोड टाका. मुंबईहून नेहमी लागणारी काही अंतरं, सुमारे, किलोमीटरमध्ये:

दिल्ली १,१४०
दुबई १,९३०
सिंगापूर ३,९२०
लंडन हीथ्रो ७,२१०
सिडनी १०,१६०
न्यूयॉर्क जेएफके १२,५३०
सॅन फ्रान्सिस्को १३,५१०

नवी मुंबईहून मोजलं तर? दोन विमानतळांमधलं सरळ अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे. दूरच्या प्रवासात तेवढ्याने काहीच बदलत नाही. रस्त्यावर मात्र खूप बदलतं, ते पुढे येईलच.

विमान त्या रेषेवरून जातं का? बहुतेक वेळा नाही

मुंबई ते हीथ्रोची सगळ्यात जवळची रेषा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, काळ्या समुद्राचा किनारा, युक्रेन, पोलंड, जर्मनी अशी जाते. यातलं युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, त्यानंतर काही दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै अशीच बंदी होती. अशा बंदीत भारतीय कंपनीचं विमान मुंबईहून निघालं की आधी अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतं आणि मग वर जातं. परदेशी कंपनीच्या विमानाला तोच अडथळा असेलच असं नाही. शिवाय युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एकाच जोडीच्या दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा तासाभराने वेगळ्या दिसतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रेषेत आणखी एक अडचण आहे: काराकोरम आणि तिबेटच्या बाजूचे उंच डोंगर. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकर दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच असते. म्हणून नेहमीचे मार्ग हा पट्टा टाळतात.

आजचा मार्ग पाहायचा असेल तर फ्लाइटरडार२४ वर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या काही दिवसांतली उड्डाणं उघडा. निघण्याची आणि उतरण्याची प्रत्यक्ष वेळ, लागलेले तास आणि नकाशावरचा वळसा, सगळं दिसतं. ठोकताळ्यांपेक्षा हे कधीही चांगलं.

हवेतला वेळ: ठोकताळा

लांब पल्ल्याचं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगणं यात वेळ जातो. म्हणून सोपं सूत्र असं: किलोमीटरमधल्या अंतराला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबई तीन तास येतं, सिंगापूर पाच तास वीस मिनिटं, हीथ्रो सव्वानऊ तास, न्यूयॉर्क साडेपंधरा. हवाई हद्दीचा वळसा असेल तर त्यात अर्धा ते दीड तास वाढवा.

आता वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. जाताना समोरून सरासरी ५० किलोमीटरचा वारा लागला तर ९०० चा वेग जमिनीच्या हिशोबाने ८५० होतो आणि येताना ९५०. चढणं-उतरणं सोडून हीथ्रोच्या ७,२१० किलोमीटरला जाताना साडेआठ तास, येताना सात तास पस्तीस मिनिटं. रोजचाच वारा धरला तरी जवळपास तासाचा फरक. म्हणून युरोप-अमेरिकेहून मुंबईला येणारं विमान तिकडे जाणाऱ्या विमानापेक्षा कमी वेळ घेतं.

तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात थोडी गुंजाईश धरून ठेवतात. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही कधी वेळेवर पोहोचतं.

मुंबईत उतरताना आकाशात घिरट्या घालाव्या लागणं नवीन नाही. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. शिवाय पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी दिवसा सहा तास, सहसा अकरा ते पाच, बंद ठेवतात. तारीख आधीच जाहीर होते आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बदलतं. त्या दिवशीचं तिकीट असेल तर वेळ पुन्हा तपासा.

घड्याळाचा हिशोब

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या स्थानिक वेळा असतात. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या. भारत साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास. लंडन हिवाळ्यात शून्य, उन्हाळ्यात एक तास पुढे. सिंगापूर कायम आठ तास पुढे, दुबई कायम चार.

समजा विमान मुंबईहून १५ जानेवारीला रात्री १:३० ला निघतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:०० ला पोहोचतं. १:३० मधून साडेपाच तास वजा केले की १४ तारखेचे रात्रीचे ८:००. न्यूयॉर्कच्या ७:०० मध्ये पाच मिळवले की १५ तारखेचे दुपारचे १२:००. मधले तास सोळा. परतीचं विमान दुपारी १२:०० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबईत उतरत असेल तर दिसतात साडेचोवीस तास, प्रत्यक्षात चौदा. परतीच्या वेळेशेजारी ‘+१’ असं बारीक अक्षरात असतं. त्याचा अर्थ पुढची तारीख. ते न पाहिल्यामुळे घ्यायला येणारी गाडी एक दिवस आधी उभी राहते.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. या तारखांच्या मधल्या आठवड्यांत अमेरिका आणि युरोप यांच्यातलं अंतरही तासाभराने सरकतं. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी मार्चमध्ये हे विशेष पाहावं.

आता सगळ्यात महागडी चूक. दूरची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ जानेवारी, ००:४०’ असेल तर विमानतळावर पोहोचायचं १४ जानेवारीला रात्री नऊ-साडेनऊला. पंधरा तारखेच्या रात्री बॅगा घेऊन जाणाऱ्याचं विमान वीस-एकवीस तासांपूर्वीच गेलेलं असतं, आणि न आलेल्या प्रवाशाचं परतीचं तिकीटही बहुतेक कंपन्या आपोआप रद्द करतात. कॅलेंडरवर दोन खुणा करा: ‘१४ रात्र, घरातून निघणे’ आणि ‘१५ पहाटे, विमान’. बारा ते तीनच्या मधलं कुठलंही विमान असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तारीख वाचून घ्या. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा स्थानिक घड्याळावर न ठरवता मधले तास मोजून डॉक्टरांना विचाराव्यात.

मध्ये थांबा कुठे घ्यावा

थांब्याचं शहर सरळ रेषेच्या जवळ आहे का, हे पाहायला दोन टप्प्यांच्या अंतरांची बेरीज करा. सिडनीचं उदाहरण मजेशीर आहे. मुंबई–सिंगापूर ३,९२०, सिंगापूर–सिडनी ६,३००, बेरीज १०,२२०. थेट अंतरापेक्षा फक्त ६० किलोमीटर जास्त! सिंगापूर जवळजवळ रेषेवरच आहे. तेच दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक १२,०४०, म्हणजे पावणेचार हजार किलोमीटर जास्त आणि आधी उलट दिशेला प्रवास. तिकीट पाच-सात हजारांनी स्वस्त असलं तरी हवेत साडेचार तास वाढतात.

न्यूयॉर्कला दुबईमार्गे साधारण ४०० किलोमीटर वाढतात, लंडनमार्गे सव्वादोनशे. दोन्ही चालतील. सिंगापूरमार्गे मात्र १९,००० च्या पुढे जातं. असं तिकीटही शोधताना समोर येतं, फक्त एकूण वेळ ३० तासांच्या वर दिसते.

थांब्याचा वेळ किती असावा? एकाच तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये दोन ते तीन तास पुरतात. दीड तासाचं कनेक्शन कंपनी विकते, पण आई-बाबा पहिल्यांदा जात असतील आणि व्हीलचेअर मागितली असेल तर अडीचच्या खाली घेऊ नये. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं आणि बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तास धरा.

दोन वेगळी तिकिटं काढून स्वतः जोडणी करणं नवख्या माणसाने टाळावं. पहिलं विमान चुकलं किंवा लेट झालं तर दुसऱ्या कंपनीवर काहीच जबाबदारी नसते. बॅगा स्वतः उचलायच्या आणि कधी त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागतो. आता यात घरचीच एक नवी अडचण आली आहे: नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि मुंबई विमानतळाच्या सहारच्या टी-२ (टर्मिनल २) वरून परदेशी विमान पकडायचं. दोन विमानतळांमधला रस्ता ३५ ते ४० किलोमीटरचा आहे आणि तो वाशी, मानखुर्द, चेंबूर असा गर्दीतून जातो. उतरणं आणि परदेशी विमान सुटणं यात सहा-सात तास असल्याशिवाय अशी जोडणी करू नका.

घरापासून टर्मिनलपर्यंत

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असं सगळेच सांगतात. खरी सीमारेषा चेक-इन काउंटर बंद होण्याची असते. परदेशी विमानांना ती बहुधा एक तास आधी असते, काही कंपन्यांची ७५ मिनिटं. तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं.

ठाणे स्टेशन परिसरातून टी-२ वीस-पंचवीस किलोमीटर. पूर्व द्रुतगती महामार्गाने खाली येऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड घ्यायचा. पहाटे चारला पाऊण तासात होतं, संध्याकाळी सात-आठला पवईजवळ अडकलात तर दीड-पावणेदोन तास. घोडबंदर रोडचं गणित वेगळं आहे. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हा हिशोब तिथे चालत नाही, कारण अवजड वाहनं रात्रीच सुटतात. कासारवडवलीहून गायमुख, फाउंटन हॉटेल, पश्चिम द्रुतगती महामार्ग असा दुसरा रस्ता नकाशा सुचवतो. गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडला की तिथून बाहेर पडायला गल्लीही नाही. विमान पकडायचं असेल तर ठाण्याच्या बाजूनेच उतरणं शहाणपणाचं, भले नकाशावर दहा मिनिटं जास्त दिसोत.

ऐरोलीहून ऐरोली पुलाने मुलुंडकडे निघून तोच जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता. वाशी-नेरुळहून सायन-पनवेल महामार्ग, मानखुर्द, चेंबूर, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांना टोल नाही, पण वाशी आणि मुलुंडची कोंडी त्याने संपली असं समजू नका. जोरदार पावसात कुर्ला-सायन भागात पाणी साचतं. तेव्हा नेहमीच्या वेळेच्या दुप्पट धरा. नवी मुंबई विमानतळासाठी बेलापूर, उलवे, पनवेलकरांना वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो, ठाणेकरांना ठाणे-बेलापूर रोडने साधारण ३५ किलोमीटर पडतात.

गूगल मॅप्समध्ये ‘आत्ता किती वेळ’ पाहू नका. ‘या वेळेला पोहोचायचं’ हा पर्याय निवडून आठवड्याचा तोच वार आणि तीच वेळ टाका. तो दोन आकडे देतो, उदाहरणार्थ ५५ मिनिटं ते १ तास ४० मिनिटं. मोठा आकडा घ्या आणि वर अर्धा तास ठेवा.

सामान कमी असेल आणि दिवसाचं विमान असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रो-१ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो-३ ने पुढचंच स्टेशन टी-२. कोंडीचा प्रश्नच नाही. पण अमेरिकेच्या २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन घाटकोपरचा जिना चढायचा विचार सोडून द्या, आणि रात्री उशिरा मेट्रो बंद होते हेही लक्षात ठेवा. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवली असली तरी निघण्याच्या तासभर आधी ड्रायव्हरला फोन करा. गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. हे दारात गाडी आल्यावर कळतं आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा तास जातो.

सगळं एका कागदावर

मानपाडा ते एडिसन, थेट विमान धरून: रस्ता दीड तास, विमानतळावर तीन तास, हवेत सोळा, नेवार्कला इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, तिथून घर एक तास. एकूण तेवीस. एका थांब्याचं असेल तर सहज २७-२८. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या घरी जेवायला जायचं की नाही, हे या आकड्यावर ठरवा.

कागद उलट्या क्रमाने भरला तर सोपं जातं. वर विमान सुटण्याची वेळ लिहा, खाली काउंटर बंद होण्याची, त्याखाली पोहोचण्याची, त्याखाली घर सोडण्याची. प्रत्येक वेळेशेजारी तारीख. हाच कागद फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला की आजी रात्री दहाला ‘निघालात का’ विचारत नाही.

युरोपमार्गे जाणाऱ्यांना अंतराचा आणखी एक उपयोग आहे. युरोपीय संघाच्या नियम २६१ प्रमाणे विमान रद्द झालं किंवा खूप लेट झालं तर मिळणारी भरपाई याच सरळ रेषेच्या अंतरावर ठरते. टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे आहेत. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. म्हणून बोर्डिंग पास घरी पोहोचेपर्यंत जपून ठेवा.

आणि घ्यायला जाणाऱ्यांसाठी: विमान जमिनीला लागल्यावर माणूस बाहेर यायला एक ते दीड तास लागतो. वेळापत्रकातली वेळ पाहून निघू नका. सकाळीच विमानाचा क्रमांक टाकून अपेक्षित वेळ पाहा, कारण मागून वारा असेल तर ते वीस-पंचवीस मिनिटं आधीही येतं. उतरायला तासभर राहिलाय असं दिसलं की ठाण्याहून निघा. सामान पट्ट्यावर आल्याचा फोन आला की मगच गाडी पार्किंगमधून वर आणा.